पहिल्या कुदळीआधी

कोणतेही मोठे बांधकाम नेमके केव्हा सुरू होते? सरकारी दप्तर सांगते, भूमिपूजनाच्या दिवशी. वर्तमानपत्रात छायाचित्र येते, कोनशिलेवर तारीख कोरली जाते आणि ‘काम किती वर्षे रखडले’ याचा हिशेब लोक त्या तारखेपासून मांडू लागतात. त्याआधी जे झाले ते ‘कागदी घोडे’ आणि त्यानंतरचे ते ‘खरे काम’, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. गेल्या दीडशे वर्षांतील प्रचंड बांधकामांचा इतिहास तपासला तर मात्र ही समजूत उलटी करावी लागते. पुष्कळ प्रकल्पांचे भवितव्य पहिली कुदळ पडण्याआधीच ठरलेले असते. पुढची वर्षे ते फक्त आपल्यासमोर उलगडत जाते.

हे पडताळून पाहायचे तर एकाच जागी, एकाच कामासाठी दोनदा झालेला प्रयत्न हाताशी हवा. असे उदाहरण इतिहासात क्वचित सापडते. पनामा कालवा हे ते उदाहरण.

पॅरिसमधील मतदान

१८७९ सालच्या मे महिन्यात पॅरिसमध्ये एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर जोडणारा कालवा कोठून आणि कसा काढायचा, हे तिला ठरवायचे होते. सूत्रे फेर्दिनां द लेसेप्स यांच्या हाती होती. हे गृहस्थ अभियंते नव्हते, मुत्सद्दी होते. पण दहा वर्षांपूर्वी, १८६९मध्ये, त्यांच्या पुढाकाराने सुएझ कालवा खुला झाला होता आणि फ्रान्समध्ये त्यांच्या शब्दाला विलक्षण वजन होते. सुएझसारखाच पनामाचा कालवाही समुद्रसपाटीवर खोदायचा, मध्ये कोठेही पाणी चढवणे-उतरवणे नको, असा त्यांचा आग्रह होता.

सुएझ म्हणजे सपाट, कोरडी वाळू. पनामाची संयोगभूमी लांबीने सुएझच्या निम्मीच, पण तिच्या मध्यावर कुलेब्राची डोंगररांग, वर्षातले आठ महिने कोसळणारा पाऊस आणि कालव्याच्या नियोजित मार्गाला पुन्हा पुन्हा छेदणारी चाग्रेस नावाची नदी. एका पावसाळी रात्रीत ही नदी कित्येक फूट चढे. समुद्रसपाटीवर खोदलेल्या कालव्यात तिचे पाणी उंचावरून कोसळणार होते. त्याचे काय करायचे, याला पॅरिसमध्ये कोणाकडेच पटण्याजोगे उत्तर नव्हते.

उत्तर अजिबातच नव्हते असे मात्र नाही. गोदँ द लेपिने या फ्रेंच अभियंत्याने त्याच परिषदेत वेगळा आराखडा मांडला. नदीशी भांडायचे कशाला? तिलाच बांध घालून मध्यभागी मोठे सरोवर करावे, जहाजे दोन्ही बाजूंनी जलपाशांच्या पायऱ्यांनी वर चढवावीत आणि पलीकडे उतरवावीत. जलपाश म्हणजे दोन टोकांना दारे असलेला हौद. जहाज आत घ्यायचे, दार लावायचे, पाणी भरायचे की जहाज आपोआप वर येते. या आराखड्यात खोदाई कितीतरी कमी लागणार होती आणि शत्रू असलेली नदीच कालव्याला पाणी पुरवणार होती. आज पनामा कालवा जसा आहे, तो मूलतः याच कल्पनेवर उभा आहे.

परिषदेने ती कल्पना बाजूला ठेवली. समुद्रसपाटीच्या बाजूने ७४ मते पडली, विरोधात ८. अनेक प्रतिनिधी तटस्थ राहिले. बाजूने मत देणाऱ्या ७४ जणांत अभियंते होते अवघे १९ आणि त्यांपैकी मध्य अमेरिकेत पाऊल ठेवलेला होता एक. निवडलेल्या मार्गाची संपूर्ण मोजणीही तोवर झालेली नव्हती. लेसेप्स पनामाला पहिल्यांदा गेले ते परिषदेनंतर, १८७९ संपता संपता. तो तिथला कोरडा ऋतू होता. नदी शांत, आकाश निरभ्र. सोबतच्या तांत्रिक मंडळाने खर्चाचा अंदाज काढला ८४.३ कोटी फ्रँक. लेसेप्स यांनी तो स्वतःच ६५.८ कोटींवर आणला. मोजणी बदलली नव्हती, दगड मऊ झाला नव्हता. गुंतवणूकदारांना पटेल असा आकडा मात्र तयार झाला.

१८८१ साली काम सुरू झाले आणि १८८९मध्ये कंपनी बुडाली. तोवर १४० कोटी फ्रँकच्या आसपास रक्कम खर्ची पडली होती. सुमारे ८ लाख सामान्य फ्रेंच माणसांची बचत त्यात गेली. आणि अंदाजे २२ हजार माणसे मेली, बहुतेक पीतज्वराने आणि हिवतापाने. कुलेब्राची खिंड जितकी खोदावी तितकी तिच्या कडा पावसात खाली सरकत आणि खोदलेले पुन्हा भरून जाई. १८८७च्या अखेरीस लेसेप्स यांनी जलपाशांना संमती दिली आणि ते काम गुस्ताव्ह आयफेल यांच्याकडे सोपवले. पण आठ वर्षांपूर्वी कागदावर एका रेघेने होऊ शकला असता असा हा बदल आता करायला ना पैसा उरला होता, ना विश्वास.

न्यायाने सांगायचे तर रोगांबाबत फ्रेंचांना पूर्ण दोष देता येत नाही. डास हिवताप पसरवतो, याचा निर्णायक पुरावा रोनाल्ड रॉस यांना आपल्याच सिकंदराबादेत १८९७ साली मिळाला. पीतज्वराचे तसेच कारण १९००मध्ये हवानात सिद्ध झाले. फ्रेंच रुग्णालयांत मुंग्या चढू नयेत म्हणून पलंगाच्या पायांखाली पाण्याची भांडी ठेवत आणि त्याच पाण्यात डास वाढत. हे अज्ञान त्या काळाचे होते. पण नदीचा पूर, डोंगराची माती आणि पावसाचे महिने हे १८७९मध्येही समजण्याजोगे होते. ते पाहायला कोणी थांबले नाही.

काम थांबवणारा अभियंता

१९०४ साली अमेरिकेने हा प्रकल्प हाती घेतला. फ्रेंचांच्या अनुभवावरून अमेरिकन शहाणे झाले असतील असे वाटेल, पण पहिले वर्ष जवळजवळ तसेच गेले. मायदेशातली वर्तमानपत्रे आणि राजकारणी यांना माती उडताना दिसायला हवी होती. मुख्य अभियंता जॉन वॉलेस यांनी जुन्या यंत्रांनिशी कुलेब्रात खोदाई सुरू केली. राहायला घरे नाहीत, खायला धड अन्न नाही, खोदलेली माती वाहून नेण्याची सोय नाही. १९०५च्या वसंतात पीतज्वराची साथ आली तेव्हा अमेरिकन कर्मचारी मिळेल त्या बोटीने पळाले आणि वॉलेस यांनीही राजीनामा दिला.

त्यांच्या जागी जुलै १९०५मध्ये जॉन स्टीव्हन्स आले. उत्तर अमेरिकेतील डोंगराळ मुलखात रेल्वे बांधलेला हा माणूस. आल्यावर काही दिवसांतच त्याने जे केले ते आज कोणत्याही मुख्य अभियंत्याला कठीण वाटेल. त्याने खोदाई थांबवली. खोदयंत्रांवरची माणसे परत पाठवली आणि तयारी झाली की बोलावू असे सांगितले. सगळ्या जगाचे डोळे लागलेल्या कामावर, उशीर आधीच झालेला असताना, त्याने महिनोन्‌महिने कालवा सोडून इतर कामे केली.

कोणती? पहिले काम आरोग्याचे. डॉ. विल्यम गॉर्गस यांना डासांविरुद्ध मोहीम उघडायची होती, पण तोवर त्यांना माणसे आणि सामान मिळत नव्हते. स्टीव्हन्सने दोन्ही हात सैल सोडून दिले. घराघरांत धुरी झाली, उघड्या हौदांऐवजी नळाचे पाणी आले, गटारे बांधली गेली, रस्ते फरसबंद झाले. १९०५ संपेपर्यंत पनामा शहरातून पीतज्वर हटला. दुसरे काम वसाहतीचे: घरे, भोजनगृहे, शीतगृह, बेकरी. तिसरे, आणि स्टीव्हन्सच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, रेल्वेचे. कुलेब्राची अडचण मुख्यतः खोदण्याची नसून खोदलेली माती हलवण्याची आहे, हे त्याने ओळखले. यंत्र कितीही ताकदीचे असले तरी पुढचा रिकामा डबा वेळेवर आला नाही तर ते उभेच राहणार. म्हणून १८५५पासून तिथे असलेला जुना लोहमार्ग त्याने दुहेरी केला, जड रूळ घातले आणि डोंगराच्या उतारावर असे फाटे टाकले की भरलेली गाडी उताराने खाली जाईल आणि रिकामी वर येईल.

याच काळात मूळ प्रश्न पुन्हा निघाला: समुद्रसपाटी की जलपाश? तज्ज्ञांच्या सल्लागार मंडळाने ८ विरुद्ध ५ अशा बहुमताने पुन्हा समुद्रसपाटीचाच कौल दिला. स्टीव्हन्सने चाग्रेसचा पूर स्वतः पाहिला होता. तो वॉशिंग्टनला गेला आणि लोकप्रतिनिधींना नकाशे पुढे ठेवून समजावून आला. जून १९०६मध्ये अमेरिकेच्या सिनेटने ३६ विरुद्ध ३१ मतांनी जलपाशांच्या बाजूने निर्णय दिला. लेपिने यांचा आराखडा २७ वर्षांनी स्वीकारला गेला.

१९०७च्या आरंभी स्टीव्हन्सने पद सोडले आणि लष्करी अभियंते जॉर्ज गोथल्स आले. पुढची सात वर्षे झपाट्याने खोदाई झाली. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला, तोही १९०७मध्ये केलेल्या अंदाजापेक्षा कमी खर्चात. श्रेय बव्हंशी गोथल्स यांच्या नावावर जमा आहे. ते त्यांना मिळावेच. पण त्यांच्या हाती आलेला प्रकल्प हा निर्णय झालेला, रोगमुक्त, घरेदारे आणि रूळ असलेला प्रकल्प होता, हे गोथल्स यांनीही नाकारले नसते.

या यशाचा हिशेबही पुरता मांडायला हवा. अमेरिकन काळात रोग आणि अपघात यांनी ५,६०९ माणसे मेली, अशी अधिकृत नोंद आहे. त्यांत बहुसंख्य होते कॅरिबियन बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर. त्यांच्या घरांची आणि आरोग्याची काळजी गोऱ्या कर्मचाऱ्यांइतकी घेतली गेली नव्हती. सरोवराखाली गावे गेली. १९१२मध्ये तर कालव्याच्या पट्ट्यातील स्थानिक वस्ती हलवण्याचा आदेशच निघाला. म्हणजे नियोजन झाले, पण ते कोणाचा विचार करून, हा प्रश्न वेगळा राहतो. त्याकडे पुढे वळू.

चूक स्वस्त केव्हा असते

पनामातून निघणारा नियम साधा आहे. कागदावर चूक दुरुस्त करायला खोडरबर लागते. पाया घातल्यावर तीच चूक दुरुस्त करायला पहार लागते आणि इमारत उभी राहिल्यावर कधीकधी ती दुरुस्तच होत नाही. प्रकल्पाच्या पहिल्या काही महिन्यांत खर्च अगदी थोडा होतो, पण पुढच्या खर्चाचा बहुतांश भाग ठरवणारे निर्णय त्याच महिन्यांत होतात: जागा कोणती, मार्ग कोणता, मूळ रचना कोणती. नंतर रोज कोट्यवधी खर्च होत असतात, पण बदलायला हातात फारसे काही उरलेले नसते.

सिडनीचे ऑपेरा हाऊस हे याचे सर्वांत सुंदर आणि सर्वांत कटू उदाहरण. १९५७ साली झालेल्या स्पर्धेत डेन्मार्कचे वास्तुविशारद योर्न उत्सोन यांचे रेखाचित्र निवडले गेले. शिडांसारखी ती छपरे उभी कशी करायची, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, उत्सोन यांनाही. पण राज्याचे मुख्यमंत्री जो केहिल यांना निवडणुकीआधी काम सुरू झालेले हवे होते. मार्च १९५९मध्ये आराखडे अपुरे असतानाच चौथऱ्याचे काम सुरू झाले. छपराचे गणित सुटले १९६१मध्ये आणि मग लक्षात आले की बांधून झालेले खांब ते छप्पर पेलण्याइतके मजबूत नाहीत. ते पुन्हा करावे लागले. पुढे सरकार बदलले, वाद वाढले. १९६६मध्ये उत्सोन राजीनामा देऊन देश सोडून गेले आणि पूर्ण झालेली इमारत त्यांनी कधीच पाहिली नाही. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १०.२ कोटींवर गेला. १९६३ची मुदत १९७३वर. आतील मोठे सभागृह संगीताच्या मैफलींना दिले गेले आणि ज्या ऑपेराचे नाव इमारतीला आहे तो लहान सभागृहात गेला.

ही एखाददुसरी गोष्ट नाही. ऑक्सफर्डमध्ये काम केलेले डॅनिश अभ्यासक बेंट फ्लूव्हब्यर्ग यांनी जगभरातील १६ हजारांहून अधिक प्रकल्पांची माहिती जमवली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात निष्कर्ष असा की ठरलेला खर्च आणि ठरलेली मुदत ही दोन्ही पाळणारे प्रकल्प १०० पैकी साडेआठ. त्याशिवाय सांगितलेला लाभही देणारे, अर्धा टक्का. त्यांचा सल्ला दोन शब्दांत मावतो: विचार सावकाश करा, कृती झपाट्याने करा. बांधकाम जितके लांबते तितकी महागाई, निवडणुका, पूर, मंदी यांना आत शिरायला दार उघडे राहते. तयारीत गेलेला वेळ हे दार अरुंद करतो.

मग सगळे असे का करत नाहीत? एक कारण माणसाच्या मनाचे. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली दाखवून दिले की माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज त्याच्या तपशिलावरून बांधतो. तशाच इतर कामांना किती वेळ लागला याकडे तो पाहत नाही. घर बांधलेल्या प्रत्येकाला याचा अनुभव आहे. दुसरे कारण कमी निरागस आहे. खरा आकडा सांगितला तर मंजुरी मिळणार नाही, म्हणून आकडा कमी सांगायचा आणि एकदा खड्डा खणला की तो अर्धवट ठेवण्याची हिंमत कोणी करणार नाही, हे गृहीत धरायचे. लेसेप्स यांचे ६५.८ कोटी हे याचे जुने उदाहरण.

याला एक गंभीर आक्षेप आहे. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९६७मध्ये असे मांडले की अडचणी आधी कळत नाहीत हेच बरे. त्या कळल्या असत्या तर माणसाने मोठी कामे हातीच घेतली नसती आणि अडचण समोर आल्यावर जी कल्पकता जागी होते तीही झाली नसती. १०.२ कोटी खर्च होणार हे आधी ठाऊक असते तर सिडनीचे ऑपेरा हाऊस झाले असते का? बहुधा नाही. पण हा युक्तिवाद आपण तरलेल्या कामांकडे पाहून करतो. बुडालेली कामे पर्यटकांना दाखवली जात नाहीत. आणि ऑपेरा हाऊसच्या अज्ञानाची किंमत पैशांत मोजली गेली. पनामाच्या अज्ञानाची किंमत माणसांत.

आपल्या मातीत

कोकण रेल्वेची कथा पनामाशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते. मुसळधार पाऊस, जांभ्याची माती, नद्या आणि डोंगर. १९८०च्या दशकात मार्गाचे अंतिम सर्वेक्षण झाले. १९९०मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. मधू दंडवते तेव्हा अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि महामंडळाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे. केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांचे भागभांडवल, करमुक्त रोख्यांतून उभा केलेला पैसा, मार्गाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला दिलेले निर्णयाचे अधिकार, कठीण खडकासाठी स्वीडनहून आणलेली यंत्रे: ही सगळी स्टीव्हन्सच्या जातीची तयारी होती. रोह्यापासून मंगळूरपर्यंत ७४१ किलोमीटर, ९० हून अधिक बोगदे, सुमारे २,००० लहानमोठे पूल, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा मार्ग खुला. त्या काळच्या भारतीय रेल्वेच्या मानाने हा वेग अपूर्व होता.

तरीही मूळ पाच वर्षांची मुदत आणि मूळ खर्च पाळला गेला नाही. का नाही, हे पाहिले की पुन्हा आरंभाकडेच यावे लागते. गोव्यात किनाऱ्यालगतच्या मार्गाला विरोध झाला. खाजण जमिनी, जुन्या गोव्याचा परिसर आणि दाट वस्ती यांचा विचार करून रेल्वे आतल्या भागातून न्यावी, अशी मागणी होती. काम काही काळ थांबले, आयोग नेमला गेला, शेवटी मार्ग बहुतांशी पूर्वीचाच राहिला. ही चर्चा व्हायलाच हवी होती, पण ती यंत्रे उभी असताना नव्हे, नकाशा ओला असताना. दुसरी अडचण मऊ मातीची. कठीण खडकातले बोगदे वेगाने पुढे गेले, पण पेडण्यासारख्या ठिकाणी ओल्या चिखलासारखी माती पुन्हा पुन्हा ढासळली आणि सगळ्या मार्गाला तिने थांबवून धरले.

आणि तिसरी गोष्ट मार्ग सुरू झाल्यानंतरची. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमध्ये दरड कोसळून गाडी घसरली आणि ५१ प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी, जून २००४मध्ये, महाड तालुक्यात पुन्हा तसाच अपघात झाला. त्यानंतर कटिंगचे उतार कलते करणे, दगडांना जाळ्या लावणे, पावसाळ्यात गस्त आणि वेगमर्यादा, ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली. कुलेब्राची खिंडही कालवा खुला झाल्यानंतर सरकतच राहिली आणि १९१५-१६मध्ये तिने कालवा सात महिने बंद पाडला. डोंगर किती उभा कापायचा हा आरंभीच्या आराखड्यातला एक आकडा असतो. त्याचे परिणाम भोगणारे प्रवासी तेव्हा कदाचित जन्मलेलेही नसतात.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पात वेगळी बाजू दिसते. १९८३च्या मान्यतेत त्याचा खर्च होता ३७२ कोटी रुपये. १९८८मध्ये भूमिपूजन झाले. सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे उद्दिष्ट. २००८-०९मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि २०१६पर्यंत सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला. या वाढीत महागाईचा वाटा मोठा आहे, हे खरे. पण महागाई लागू होते ती वर्षांमुळे, आणि वर्षे गेली कशात? धरणाची भिंत म्हणजे प्रकल्प, अशी आपली सवय असते. प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रकल्प म्हणजे त्याच्या बांधापर्यंत आलेली चारी, आणि बुडीत गावाच्या दृष्टीने प्रकल्प म्हणजे नव्या गावठाणातले घर, पाणी आणि शाळा. भिंत उभी राहिली, पण भूमिपूजनाला तीन दशके उलटली तेव्हाही कालव्यांची कामे आणि पुनर्वसन अपुरेच होते. जाणार, जाणार म्हणून ज्या गावात कोणी नवे घर बांधत नाही, मुलीचे स्थळ ठरवताना जिथे गावाचे भवितव्य विचारले जाते, अशा गावासाठी प्रत्येक वर्षाचा उशीर हा आयुष्यातून गेलेला असतो. तो कोणत्याही सुधारित अंदाजपत्रकात येत नाही.

हा धडा महाराष्ट्राला फार आधी मिळाला होता. मुळशीत टाटांच्या वीज कंपनीने जमिनीचे संपादन पुरते होण्याआधीच खोदाईला हात घातला. मावळ्यांनी आधी विचारले, मग अडवले आणि एप्रिल १९२१मध्ये सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नावांशी जोडलेला हा लढा १९२४पर्यंत चालला. धरण शेवटी झाले, पण ‘माणसांशी बोलणे हे कामाआधीचे काम आहे’ ही गोष्ट तेव्हाच स्पष्ट व्हायला हवी होती. भूसंपादन आणि पुनर्वसन यांना आपण आजही प्रकल्पाचे ‘अडथळे’ म्हणतो. नदीचा पूर जसा अडथळा नसून जागेचे वास्तव आहे, तशी तिथली माणसे हेही जागेचे वास्तवच.

तयारी म्हणजे काय, आणि काय नव्हे

आरंभीच्या नियोजनाची बाजू घेताना एक सावधगिरी हवी. जाडजूड अहवाल म्हणजे नियोजन नव्हे. पॅरिसच्या परिषदेतही कागद पुष्कळ होता. स्टीव्हन्सचे नियोजन चिखलात पाय रोवून झाले: पूर पाहून, मातीचे डबे मोजून, मजूर काय खातात हे पाहून. चांगली तयारी म्हणजे पुढे चुकू शकणाऱ्या गोष्टी आधी, लहान प्रमाणात, स्वस्तात चुकवून पाहणे. भूगर्भात वेळेवर घेतलेली भोके, पावसाळ्यात केलेली पाहणी, इमारतीची प्रतिकृती, गावसभेत ऐकून घेतलेला विरोध, हे सगळे त्याचेच प्रकार. आणि सर्व काही आधी कळेल असा दावाही कोणी करू नये. कुलेब्राची खिंड उत्तम तयारीनंतरही ढासळलीच. फरक इतकाच की ज्याने तयारी केली होती त्याच्याकडे ती माती उपसायला रूळ आणि डबे होते.

नियोजन म्हणजे दिरंगाई, असाही समज आहे. ‘अभ्यास चालू आहे’ हे वाक्य आपल्याकडे नकार देण्याची सभ्य रीत बनले आहे, त्यामुळे तो समज अगदीच निराधार नाही. पण दोहोंतला फरक ओळखता येतो. दिरंगाईत प्रश्न वर्षानुवर्षे तसेच राहतात. तयारीत दर महिन्याला एक तरी प्रश्न सुटलेला असतो आणि तो कोणता, हे सांगता येते. स्टीव्हन्सने थांबवलेल्या महिन्यांत शहरातला पीतज्वर गेला, घरे उभी राहिली, रूळ पडले.

लोकशाहीत मात्र या कामाची एक अडचण आहे. त्याचे छायाचित्र निघत नाही. ज्या पुढाऱ्याने सर्वेक्षणाला पुरेसा पैसा आणि वेळ दिला, त्याच्या कारकिर्दीत बहुधा काहीच उभे राहत नाही. फीत कापतो तो दुसराच. जोवर नागरिक भूमिपूजनाची तारीख हीच कामाची सुरुवात मानतील, तोवर पुढाऱ्यांना लवकर कुदळ मारण्याचीच घाई राहणार. म्हणून बदल थोडा आपल्या विचारण्यातही हवा. आपल्या भागात नवा महामार्ग, धरण किंवा बोगदा जाहीर झाला की ‘काम कधी सुरू होणार’ हा आपला पहिला प्रश्न असतो. त्याऐवजी विचारता येईल: या मार्गाची पावसाळ्यात पाहणी केली आहे का? जमीन किती हाती आली आहे? ज्यांची घरे जाणार त्यांचे नवे गाव कोठे आहे आणि तिथे पाणी आले आहे का? अशीच इतर कामे किती वर्षांत आणि किती पैशांत झाली?

या प्रश्नांची उत्तरे नसतील तर कुदळ मारण्याची वेळ आलेली नाही, एवढेच समजायचे. त्या दिवशीचा समारंभ पुढे ढकलला गेला म्हणून कोणाचे फारसे बिघडत नाही. पनामात तो पुढे ढकलायला एक माणूस १८७९मध्ये नव्हता आणि १९०५मध्ये होता.